कीर्द आणि कीर्ती

उद्योगी पुरुषांची चरित्रे आपल्या समाजात आता पुष्कळ लिहिली जाऊ लागली आहेत. देवस्थानच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका घ्या, शिक्षणसंस्थेचा सुवर्णमहोत्सवी अंक घ्या, अथवा एखाद्या सहकारी बँकेचा शताब्दीग्रंथ घ्या. त्यात कोणा कारखानदाराचे, व्यापाऱ्याचे वा संस्थासंस्थापकाचे चरित्र असावयाचेच. ही गोष्ट मूलतः आनंदाची आहे. ज्या मध्यमवर्गाने फार दिवस नोकरी हीच प्रतिष्ठेची परिसीमा मानली, त्याने कारखाना उभारणाऱ्याला, पेढी चालविणाऱ्याला आणि वसतिगृह बांधणाऱ्याला चरित्रनायकाच्या आसनावर बसवावे, हे समाजाची दृष्टी विस्तारल्याचे लक्षण होय.

परंतु ही चरित्रे ओळीने वाचली म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. नावे, गावे आणि साले बदलली तरी चरित्र एकच राहते. गरिबीत जन्म, मातेचे संस्कार, रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास, मोजके पैसे खिशात घालून मुंबईस प्रयाण, सचोटी, कुलदेवतेची कृपा, भरभराट, आणि शेवटच्या परिच्छेदात दानधर्म. मधल्या गोष्टींचा पत्ता नसतो. पहिले भांडवल कोणी दिले? भागीदार कोण होते आणि ते कोणत्या कारणाने दूर झाले? आरंभीच्या वर्षांतील तोटा कोणाच्या घरात सोसला गेला? कामगारांना मजुरी वेळेवर मिळाली काय? या प्रश्नांपाशी आले की चरित्रकार एकदम सद्गुणांचे वर्णन करू लागतो.

हा दोष केवळ माहितीच्या उणिवेचा असता तर त्याबद्दल एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. हा दोष या वाङ्मयप्रकाराच्या कल्पनेतच आहे. कवी आपले शब्द घेऊन काम करतो. ते फसले तर त्याची स्वतःची वही वाया जाते. उद्योग काढणारा मनुष्य मात्र पहिल्या पावलापासून दुसऱ्याचे काहीतरी घेऊन चालतो. कोणाचे पैसे, कोणाचे श्रम, कोणाचा विश्वास. तेव्हा त्याचे चरित्र हे त्याच्या एकट्याचे असूच शकत नाही. व्यापारी पेढीवर रोजच्या जमाखर्चाच्या नोंदीला कीर्द म्हणतात. उद्योगी पुरुषाची कीर्ती त्याच्या कीर्दीशी ताडून पाहता आली पाहिजे, आणि जे चरित्र ही सोय वाचकाला ठेवीत नाही ते कितीही सुंदर भाषेत लिहिलेले असले तरी चरित्र म्हणून अपुरे समजले पाहिजे, असे माझे मत आहे.

यावर कोणी म्हणेल की आपली चरित्रलेखनाची परंपरा संतचरित्रांची आहे आणि तीत हिशेबाला स्थान नाही. महीपतीने १७६२ साली ‘भक्तविजय’ आणि १७७४ साली ‘भक्तलीलामृत’ पुरे केले. देवळादेवळांतून या ग्रंथांचे वाचन झाले, आणि थोर पुरुषाचे जीवन कसे सांगावे याचा साचा आपल्या मनात तेथूनच बसला. हे मान्य. पण ती परंपरा आपण नीट वाचली आहे काय, हा प्रश्न आहे. तुकोबांचेच उदाहरण पाहा. ते सावकारी आणि वाणसवदा करणाऱ्या घरातले. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात व्यापार बुडाला, घरातली माणसे गेली, मन संसारातून उठले. तेव्हा वडिलोपार्जित येणे असलेली खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकलेली आहे. तिच्यातील एक बारकावा मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. तुकोबांनी सर्व खते बुडविली नाहीत. परंपरा असे सांगते की त्यांनी खतपत्रांचे दोन वाटे केले. धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा वाटा त्याच्या स्वाधीन केला, आणि राहिलेला आपला वाटा तेवढा नदीच्या हवाली केला.

वकिलाच्या दृष्टीने या कथेचे मोल फार मोठे आहे. एकत्र कुटुंबातील येणे हे एकट्याचे नसते. वैराग्य स्वतःचे होते म्हणून स्वतःच्याच हिश्शावर पाणी सोडता येत होते. भावाच्या हिश्शावर विरक्तीचाही अधिकार चालत नव्हता. संसारातून उठलेल्या माणसाने ही वाटणी आधी केली, आणि चरित्रकारांच्या परंपरेने ती आठवणीने नोंदविली. म्हणजे ज्या संतचरित्राचे नाव सांगून आपण हिशेब टाळतो, त्यात हिशेब आहे. तो आपल्या आधुनिक गौरवग्रंथांत नाही. तेथे नायक सर्वस्वाचा त्याग करतो, पण त्या सर्वस्वात भावाचा वाटा किती होता हे कोणी विचारीत नाही.

ही कसोटी हाती घेऊन आपल्या परिचयाची काही चरित्रे पाहू. प्रथम बेळगावचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. १८८५ साली ते चित्रकला शिकण्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. रंग ओळखण्यात दृष्टिदोष आड आला, म्हणून चित्रकला सोडून ते यंत्रांच्या रेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. १८८८ साली बेळगावात त्यांनी बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्या आणि रामूअण्णांनी त्या गावात विकाव्या, गिऱ्हाइकाला चालवावयास शिकवाव्या, असा व्यवहार. पुढे वैरण कापण्याचे यंत्र आले, १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीमुळे पहिला नांगर विकावयास दोन वर्षे लागली. मग नव्या उपनगराच्या आखणीसाठी बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. औंधचे अधिपती भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्थानकाजवळचा बत्तीस एकर माळ देऊ केला. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

ही हकीकत आपल्या शालेय पुस्तकांतही आली आहे. तीत नांगर न घेणारा शेतकरी अडाणी ठरतो, नगरपालिका कोत्या मनाची ठरते आणि नायक चिकाटीचा पुतळा ठरतो. मला या सांगण्यात दोन उणिवा दिसतात. पहिली अशी की, दोन वर्षे नांगर पडून राहिला म्हणजे त्यात अडकलेला पैसाही पडून राहिला. त्या दोन वर्षांत घर आणि कारखाना चालविणारे हात कोणाचे, ही त्या काळाची खरी कथा आहे. शेतकऱ्याचा नकारही केवळ अडाणीपणाचा समजू नये. ज्याच्याजवळ एकच जमीन आहे त्याने नव्या अवजाराची परीक्षा आपल्या जमिनीवर होऊ देण्यास कचरावे, यात व्यवहारबुद्धी आहे. दुसरी उणीव माणसांची. किर्लोस्करवाडीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. शंभोराव जांभेकर आणि अनंतराव फळणीकर यांनी यंत्रशाळा सांभाळली. आणि मंगेशराव रेगे यांनी लेखनिक, व्यवस्थापक आणि हिशेबनीस अशी तिहेरी जबाबदारी उचलली. लक्ष्मणरावांचे नाव घराघरांत पोहोचले. कीर्द लिहिणाऱ्या रेग्यांचे नाव किती वाचकांना ठाऊक आहे? ज्याने माळावरच्या कारखान्यात दर महिन्यास मजुरीचा मेळ बसविला, त्याच्यावाचून तो माळ माळच राहिला असता.

लक्ष्मणरावांचे ‘यांत्रिकाची यात्रा’ हे चरित्र त्यांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी लिहिले. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक म्हणून शंकरराव मराठी वाचकाला सुपरिचित आहेत. नातेवाइकाने लिहिलेले चरित्र कसे वाचावे, याबाबतीत न्यायालयाचा एक नियम उपयोगी पडेल. साक्षीदार पक्षकाराचा आप्त आहे एवढ्याच कारणाने त्याची साक्ष फेटाळता येत नाही. मात्र ती अधिक काळजीने पारखून घ्यावी लागते. आप्त हा घटनेच्या सर्वांत जवळ असतो, म्हणून त्याने जे पाहिले ते परक्याला दिसणे शक्य नाही. तो जवळ असतो म्हणूनच काही गोष्टींकडे त्याची पाठ असते. शंकररावांच्या पुस्तकाचे मोल पहिल्या कारणाने फार आहे. दुसऱ्या कारणासाठी वाचकाने त्याच्या शेजारी बेळगावच्या नगरपालिकेचे दप्तर ठेवावयास हवे. वाढत्या गावाला नवे उपनगर हवे होते, ही काही खोटी गरज नव्हती. कारखान्याने गावात राहावे की गावाबाहेर जावे, हा प्रश्न आजही प्रत्येक शहरापुढे आहे. त्याला खलनायकाची कथा करून टाकले की त्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही.

किर्लोस्करांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९२० साली हा उद्योग मर्यादित कंपनी म्हणून नोंदला गेला, आणि त्याच साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले, ज्याचे पुढे मासिक झाले. एकाच वर्षी कीर्द उघडी करण्याची कायदेशीर जबाबदारीही आली आणि कीर्ती सांगण्याचे साधनही हाती आले. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासकारांनी दुसऱ्या घटनेबद्दल पाने भरून लिहिले आहे. पहिलीबद्दल त्यांनी मौन पाळले, ते माझ्या मते योग्य केले नाही.

आता कारखान्यातून आश्रमात जाऊ, कारण समाजसंस्था काढणारा मनुष्यही याच अर्थाने उद्योगी पुरुष असतो, आणि त्याची परीक्षा घेण्यास आपण अधिकच कचरतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले, आणि तेथे आश्रमाची झोपडी उभी राहिली. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यासाठी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. साडेसातशे रुपयांपासून पंधरा लाखांपर्यंतचा हा प्रवास चोवीस वर्षांचा आहे.

कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे विद्यापीठ निघण्यापूर्वीच. मराठीतील हे एक अत्यंत प्रामाणिक पुस्तक होय. पण आपण त्यातून काय उचलले? सतरा वर्षांचा मुलगा परीक्षेसाठी मुरूडहून डोंगर ओलांडून साताऱ्यास चालत गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परत पाठविले, ही गोष्ट मुलांसाठी लिहिलेल्या प्रत्येक कर्वेचरित्रात सापडते. बाहेरगावी मिळवत्या झालेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीचा थोडा अंश गावासाठी बाजूस काढावा म्हणून त्यांनी जो मुरूड फंड उभारला, त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. वास्तविक पुढच्या विद्यापीठाचे बीज त्या पायपिटीपेक्षा या फंडात अधिक आहे. दुसऱ्याचा पैसा मागणे, तो जपणे आणि त्याचा हिशेब देणे ही विद्या कर्वे त्या लहानशा फंडात शिकले. ज्या मुलाला उद्या संस्था काढावयाची आहे, त्याला या विद्येची गरज अधिक आहे.

याहून महत्त्वाची साक्ष दुसऱ्या पुस्तकात आहे. १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे. त्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले. नवऱ्याने मिळकत संस्थेच्या पदरात टाकल्यावर घरातली चूल कशी पेटत ठेवावी लागते, मुलांच्या वाट्याला काय येते, बहिष्कृत घराची बाई गावात कशी वावरते, हे त्या पुस्तकात एका करारी बाईच्या रोखठोक भाषेत आले आहे. बायांनी सुईणीचे शिक्षण घेतले, आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या हिंडल्या, आणि मनात आलेला राग त्यांनी लपविला नाही. ‘आत्मवृत्त’ ही जमेची बाजू मानली तर ‘माझे पुराण’ ही खर्चाची बाजू आहे. दोन्ही वाचल्यावर कर्व्यांची थोरवी कमी होते काय? मला तर ती वाढलेली दिसते, कारण त्या थोरवीची किंमत काय पडली आणि ती कोणी मोजली, हे आता कळते. जे चरित्रकार पहिले पुस्तक वापरतात आणि दुसरे बाजूस ठेवतात, ते कान्होबाचा वाटा इंद्रायणीत टाकतात.

जमाखर्चात तोट्याचेही पान असते. उद्योगी पुरुषांच्या चरित्रांतून हे पान हटकून फाडलेले असते, म्हणून वालचंद हिराचंद यांच्या चरित्रातील एक प्रसंग येथे मुद्दाम आठवतो. सोलापूरला जन्मलेले वालचंद आणि त्यांचे सहकारी नरोत्तम मोरारजी यांनी ‘लॉयल्टी’ हे जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून विकत घेतले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून विलायतेस निघाले. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे हे पहिले जहाज. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन पाळण्यात येतो. पण पुढचे पान असे आहे की, हे जहाज कंपनीला परवडले नाही आणि १९२३ साली ते मोडीत निघाले. त्याच वर्षी परदेशी जहाज-कंपनीशी दरयुद्ध खेळून थकलेल्या सिंदियाने दहा वर्षांचा करार केला आणि किनाऱ्यालगतच्या वाहतुकीपुरते राहण्याचे बंधन पत्करले. स्वाभिमानी माणसाला हा करार बोचला असणार. परंतु कंपनी तगली ती त्या करारामुळे. आणि तगली म्हणून १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला बसू शकली. भाषणांतून ५ एप्रिल ऐकू येतो. १९२३ चा तह कोणी सांगत नाही. गं. दे. खानोलकरांनी वालचंदांचे जे विस्तृत चरित्र लिहिले, त्यात व्यक्ती, काल आणि कर्तृत्व असा तिहेरी आवाका त्यांनी घेतला. या तिहींपैकी ‘काल’ हा शब्द फार मोलाचा आहे. सामान्य गौरवलेखात काल नसतोच. त्यामुळे माघार ही कमकुवतपणाची खूण वाटते आणि विजय हा स्वभावाचा परिणाम वाटतो.

शेवटचे उदाहरण कोंकणी वाचकांच्या घरचे. मंगळूरचे वकील अम्मेंबळ सुब्बराव पै यांनी १८९१ साली कॅनरा हायस्कूल काढले आणि जुलै १९०६ मध्ये कॅनरा हिंदू पर्मनंट फंड स्थापन केला. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, उडुपी येथे हाजी अब्दुल्ला यांनी दुसरी एक बँक काढली, ती पुढे कॉर्पोरेशन बँक झाली. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात मद्रासची अर्बथनॉट ही नामांकित इंग्रज पेढी बुडाली आणि दक्षिणेतील असंख्य ठेवीदार धुळीला मिळाले. या पार्श्वभूमीवर पै यांचा फंड पाहिला म्हणजे त्याचे महत्त्व कळते. मोठ्या नावावर विश्वास ठेवण्याची शिक्षा लोक भोगीत असताना, ओळखीच्या माणसांनी ओळखीच्या माणसांचे पैसे सांभाळण्याची व्यवस्था उभी राहत होती. स्वतः पै जुलै १९०९ मध्ये वारले. फंडाची कॅनरा बँक झाली ती १९१० साली. म्हणजे ज्या कीर्तीने आज आपण त्यांना ओळखतो, तिचा बहुतेक भाग त्यांच्या पश्चात इतरांनी मिळविलेला आहे. त्यांचे चरित्र त्यांच्या मृत्यूपाशी थांबविणे म्हणजे अर्ध्या वहीवर सही करणे होय.

पुढे १९२५ साली उडुपीस उपेंद्र अनंत पै, वामन कुडवा आणि डॉ. टी. एम. ए. पै यांनी आठ हजार रुपयांच्या भांडवलावर, हातमागवाल्यांना साहाय्य व्हावे म्हणून एक बँक सुरू केली. तीच पुढे सिंडिकेट बँक झाली. १९२८ मध्ये तिने पिग्मी ठेव काढली. बँकेच्या माणसाने रोज दारी यावे आणि दोन दोन आणे जमा करून घ्यावे, अशी ही योजना. १९६९ मध्ये या दोन्ही बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. तीन संस्थापकांच्या तसबिरी आपल्याला ठाऊक आहेत. परंतु उन्हातान्हात दारोदार फिरून दोन आण्यांची नोंद बिनचूक करणारा तो वसुलीचा मनुष्य, आणि आपल्या पोटाला चिमटा घेऊन ते दोन आणे देणारी कोळीण किंवा विणकर, यांच्यावाचून ती संस्था उभी राहिली नसती. माझी चरित्रकाराला सूचना आहे की, बँकेच्या संस्थापकाचे चरित्र लिहिताना त्याने एका तरी जुन्या ठेवीदाराचे पासबुक उघडून पाहावे.

वाचक विचारतील, ही वाङ्मयीन चिकित्सा ठीक आहे, पण तिच्यावाचून कोणाचे अडले आहे? अडले आहे, आणि पुष्कळांचे. वकिलीच्या व्यवसायात बुडालेल्या पतसंस्थांचे ठेवीदार मला भेटले आहेत. निवृत्त शिक्षक, विधवा, मुलीच्या लग्नासाठी पैसा साठविणारे पुजारी. ‘ठेव तेथे का ठेवली?’ असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच येते. संस्थेच्या अध्यक्षांचे चरित्र देवस्थानच्या स्मरणिकेत वाचले होते. सभामंडपात त्यांच्या नावाची फरशी होती. एवढा धार्मिक मनुष्य आपले पैसे कशाला बुडवील? वार्षिक अहवाल कोणी मागितला नव्हता. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण मिळाले. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, हे त्यांच्यापैकी कोणाला सांगितले गेले नव्हते. गौरवलेख लिहिणाऱ्याने खोटे लिहिले होते असे मी म्हणत नाही. दानही खरे होते, फरशीही खरी होती. त्याने फक्त कीर्द न पाहता कीर्ती लिहिली होती, आणि वाचकाने त्या कीर्तीलाच तारण समजून आपली पुंजी हवाली केली.

दुसरा परिणाम तरुणांवर होतो. भांडवल, ओळख, भागीदार, काळ आणि तडजोड या सर्व गोष्टी वगळून केवळ सद्गुणांच्या जोरावर यश मिळाले असे ज्याने वाचले, तो आपला उद्योग बुडाला की आपल्याच सद्गुणांत खोट शोधू लागतो. दोन वर्षे न विकलेला नांगर आणि चार वर्षांत मोडीत निघालेले जहाज त्याला कोणी दाखविलेले नसते. अपयशाची लाज धरून घर सोडून जाणारी मुले आपण पाहतो. त्यांच्या वाचनात एखादे खरे चरित्र आले असते तर त्यांना आपण एकटेच बुडालो असे तरी वाटले नसते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. उपकारकर्त्याची वही तपासणे हा कृतघ्नपणा नव्हे काय? ज्याने देवळाचा कळस चढविला त्याला भांडवलाचा उगम विचारावा काय? या प्रश्नाचे उत्तर देवळाच्या व्यवहारातच आहे. आपल्या देवस्थानांत महाजनांच्या सभेपुढे जमाखर्च वाचला जातो. पावणीत नारळ किती रुपयांस गेला, याचीही नोंद होते. हा हिशेब वाचल्याने देवाचा अपमान झाला असे कोणी म्हणत नाही. तो वाचला नाही तर मात्र कुजबूज सुरू होते. जो नियम आपण देवाच्या द्रव्याला लावतो तो माणसाच्या कीर्तीला लावण्यात संकोच का असावा? हेही स्पष्ट केले पाहिजे की मी निंदेचा पुरस्कार करीत नाही. प्रत्येक संपत्तीच्या मुळाशी पापच असते असे धरून चालणारी चरित्रेही आता निघू लागली आहेत. तीही कीर्द न उघडताच निकाल देतात. स्तुती आणि निंदा या दोहोंना पुरावा लागतो, आणि पुराव्याचा भार विधान करणाऱ्यावर असतो.

तेव्हा स्मरणिकांच्या संपादकांना माझी विनंती साधी आहे. चरित्रनायकाच्या घरून छायाचित्र मागवाल तेव्हा सोबत चार गोष्टींची विचारपूस करा: पहिले पैसे कोणी दिले, हिशेब कोण लिहीत असे, कोणता व्यवहार फसला आणि तो कसा निस्तरला, आणि घरातल्या बायकामाणसांच्या आठवणीत तो काळ कसा आहे. उत्तरे मिळतील तेवढी छापा. एखाद्या घरातून उत्तर आले नाही, तर त्या पुरुषाच्या दानाची रक्कम आणि तारीख तेवढी द्या व सद्गुणांचे वर्णन सोडून द्या. पाने कमी भरतील, पण जे छापले जाईल त्यावर विसंबून एखाद्या निवृत्त शिक्षकाने निर्णय घेतला, तर त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही.